थापटण्याची परीक्षा



आजच्या सेवेला चिंतनासाठी अभंग घेतलेला नाही, संतचरित्रातला एक प्रसंग घेतला आहे. तुम्ही तो पुष्कळदा ऐकला असेल. पण ऐकलेला प्रसंग वेगळा आणि आपल्याला लागू झालेला प्रसंग वेगळा. औषधाचं नाव पाठ असून गुण येत नाही, घोटभर पोटात जावं लागतं. म्हणून पुन्हा ऐका.

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे. फार जुनं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने तिथला व्यापार पार समुद्रापलीकडे चालायचा. पण वारकऱ्याला तेर माहीत आहे ते गोरोबाकाकांमुळे. जातीने कुंभार, धंदा मडक्यांचा, आणि संतमंडळींत वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. परंपरेत अशी कथा सांगतात, की एकदा निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानकाका, मुक्ताबाई आणि नामदेवराय असे सगळे काकांच्या अंगणात जमले होते. मुक्ताबाई वयाने सर्वांत लहान. लहान लेकराचं लक्ष जसं वस्तूंवर जातं, तसं त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या एका लाकडी वस्तूवर गेलं. त्यांनी विचारलं, काका, हे काय आहे? काका म्हणाले, हे थापटणं. मडकं घडवायला लागतं, आणि मडकं पक्कं की कच्चं हे पाहायलाही कामी येतं. मुक्ताई म्हणाल्या, मग आम्हीही मडकीच आहोत. आमच्यात कोण पक्कं, कोण कच्चं, तेवढं पाहून सांगा.

इथे जरा थांबू या. कुंभाराचं काम कसं चालतं हे नीट कळल्याशिवाय या कथेचा अर्थ लागायचा नाही.

कुंभार माती आणतो, खडे वेचतो, भिजवतो, तुडवतो. चाकावर आकार देतो. ओलसर असतानाच आतून दगडी गोळ्याचा आधार धरतो आणि बाहेरून थापटण्याने ठोकून पोट वाढवतो. मग सावलीत वाळवतो. आता नीट ऐका बरं का. वाळलेलं मडकं पाहिलं तर त्यात काहीच उणं दिसत नाही. गळा आहे, काठ आहे, पोट आहे. भाजलेल्या मडक्यावर धुराचा एखादा काळा डाग तरी असतो, वाळलेलं कच्चं मडकं त्याहून साफसूफ दिसतं. बाजारात मांडलं तर नवखा माणूस तेच उचलेल. पण त्यात पाणी ओता! घटकाभरात बूड सुटतं आणि मडक्याचा पुन्हा चिखल होतो. वाळलेली माती ही मातीच राहते, पाणी भेटलं की आपल्या मूळ स्वभावावर जाते. तीच माती आव्यात गेली, पाचसहाशे अंशांच्या पुढचा विस्तव तिने सोसला, की तिचा स्वभावच बदलतो. मग वर्षभर पाणी भरून ठेवा, तिचा चिखल होत नाही.

म्हणजे फरक आतला आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. मग कुंभार ओळखतो कसा? तो पाहत बसत नाही, तो वाजवून ऐकतो. पक्कं मडकं खणखणतं. कच्चं किंवा तडा गेलेलं मडकं भद्द वाजतं. डोळा फसतो, पण मडक्याचा आवाज खोटं बोलत नाही.

आता चला काकांच्या अंगणात. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. निवृत्तिनाथ स्वस्थ. ज्ञानोबाराय स्वस्थ. सोपानकाका, मुक्ताबाई स्वस्थ. कुणाची पापणी हलली नाही. नामदेवरायांची पाळी आली. थापटणं बसलं, आणि नामदेवराय चिडले. हा काय प्रकार? पाहुण्याला घरी बोलवायचं आणि डोक्यात मारायचं? काकांनी थापटणं खाली ठेवलं आणि निकाल दिला, एवढं एक मडकं कच्चं आहे.

मायबाप, हे कुणाबद्दल बोललं गेलं ते लक्षात घ्या. ज्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष पांडुरंगाने खाल्ला असं आपण लेकरांना सांगतो, ते नामदेवराय. ज्यांच्या कीर्तनात देव नाचतो असं आपण मानतो, ते नामदेवराय. त्यांच्या भक्तीत खोट होती का? नाही. प्रेम खरं होतं, डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मग कच्चं काय होतं? माझ्यावर देवाचं प्रेम आहे, यातलं ‘देवाचं प्रेम’ पक्कं होतं. ‘माझ्यावर’ हा शब्द कच्चा होता. मी पंढरीचा, मी देवाचा लाडका, मला लोक मानतात, आणि मला मारलं! थापटणं डोक्यावर बसलं, पण दुखलं ते नाव.

आता आपल्याकडे येतो. तुम्ही पंढरीला निघालेली माणसं आहात. गळ्यात माळ आहे, कपाळी गोपीचंदन आहे, त्यावर बुक्का आहे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पताका. फार गोड रूप आहे हे. पण मला एक सांगा. दिंडीत चालताना पुढच्या रांगेत कोण, यावरून कधी तोंडं फुगली नाहीत का? माझ्या सतरा वाऱ्या झाल्या, याच्या तीनच, आणि वीणा याच्या गळ्यात, असं मनात कधी आलं नाही का? रिंगणात पावली खेळताना कुणी मोबाईल समोर धरला, की गुडघे दुखायचे थांबतात आणि पाय आणखी वर उडतात! हसू नका, शेजारी पाहू नका. ज्याने त्याने आपलं मडकं वाजवायचं. आणि फेटा बांधून इथे उभा राहणारा कीर्तनकार परीक्षेतून सुटला, असंही समजू नका. कीर्तनकाराला हार कमी घातला, जाहिरातीत नाव खाली छापलं, की कळतं मडकं कसं वाजतं ते.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यातलं पहिलं लक्षण अमानित्व, दुसरं अदंभित्व. अमानित्व म्हणजे मान मिळावा ही भूक नसणं. अदंभित्व म्हणजे जे आपण नाही ते दाखवायची हौस नसणं. पाठांतर, यात्रा, दान ही नावं तिथे पहिली आलेली नाहीत. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती सांगितली, तिथे सुरुवातच दंभापासून आहे. पाहा म्हणजे! ज्ञानाच्या दारात शिरायचं तर पहिल्याच उंबऱ्यावर मान आणि दंभ खाली ठेवावे लागतात, आणि आसुरी वाटेवर पहिलं पाऊलच दंभाचं आहे. माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा तेराव्या अध्यायातल्या या एकेका शब्दावर किती विस्तार केला आहे ते घरी जाऊन वाचा. एका शब्दासाठी ओव्यांमागून ओव्या! रोग तेवढा खोल असल्याशिवाय वैद्य इतकं औषध घोटत नाही.

कुणी म्हणेल, महाराज, मग माळ कशाला, टिळा कशाला? मन चांगलं असलं की झालं. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि बोलायला ते सोपंही आहे. पण कुंभाराला विचारा. आकारच दिला नाही तर भाजायचं काय? आव्यात नुसतं ढेकूळ टाकलं तर विटेचा तुकडा मिळेल, पाणी भरायला मडकं मिळणार नाही. माळ हा आकार आहे. माळ घालताना आपण काही शब्द दिलेला असतो. मद्यमांस शिवणार नाही, एकादशी करीन, पंढरीची वारी चुकवणार नाही, खोटं बोलणार नाही, परस्त्री मातेसमान मानीन. माळ त्या शब्दाची रोज आठवण करून देते. आंघोळीला मणी हाताला लागले की आठवावं, मी काय कबूल केलं आहे. माळेचा रोख घालणाऱ्याकडे आहे. ती बघणाऱ्यासाठी झाली, की तिचा दागिना होतो.

दृष्टांत पाहा. उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचा माठ असतो. माठातलं पाणी गार का होतं? भाजलेल्या मातीला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाऱ्याने उडतं, आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. माठ स्वतः ओला होतो, म्हणून आतलं पाणी निवतं. आता एखाद्याने हौसेने त्याच माठाला बाहेरून ऑईलपेंट दिला, वर वेलबुट्टी काढली. दिसायला काय सुंदर! पण छिद्रं बुजली. पाझर बंद, आणि पाणी कोमट. दारात ठेवायला माठ छान झाला, तहानलेल्याच्या उपयोगाचा राहिला नाही. माणसाचंही तसंच होतं. मोठेपणाचा रंग एकदा बसला, की डोळ्यांतून पाणी येणं बंद होतं, चूक कबूल करणं बंद होतं, दुसऱ्याच्या दुःखाने पाझरणं बंद होतं. माणूस चकचकीत दिसतो आणि जवळच्यांना त्याच्यापासून गारवा मिळत नाही. घरच्या माणसांना विचारावं, आपण माठ आहोत की रंगवलेला माठ. बाहेरच्यांना तो फरक कळत नाही, घरच्यांना चांगला कळतो.

पुढची कथा. नामदेवराय रुसून पंढरीला आले आणि देवापुढे रडले. त्यांना वाटलं, देव आपली बाजू घेईल. देवाने सांगितलं, ते म्हणतात ते खरं आहे, तू गुरूला शरण जा. मग नामदेवराय विसोबा खेचरांच्या शोधात औंढ्या नागनाथाला गेले. देवळात जाऊन पाहतात, तर एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय टाकून निजलेला. हे असले गुरू? ज्याला देवाचा मान राखता येत नाही तो मला काय शिकवणार? त्यांनी पाय बाजूला घ्यायला सांगितलं. म्हातारा म्हणाला, मला उठवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय ठेव. नामदेवरायांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. मग त्यांनी ते पाय सोडले नाहीत, त्या पायांवर डोकं ठेवलं.

मायबाप, या दोन प्रसंगांत एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत. काकांच्या अंगणात नामदेवरायांनी स्वतःकडे लोकांच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मार लागला. औंढ्याला त्यांनी दुसऱ्याकडे वरवर पाहिलं, म्हणून गुरू समोर असून दिसेना. आपल्यालाही हेच दोन रोग आहेत. स्वतःला रंग लावायचा, आणि दुसऱ्याचा रंग पाहून त्याची किंमत ठरवायची. ज्याला स्वतःच्या कपड्याच्या घडीची फार काळजी असते, तो समोरच्याची चिंधी आधी पाहतो.

आणि दुसऱ्याला वरून मोजायची ही सवय किती भयंकर होऊ शकते, ते पंढरपुरात महाद्वारापाशीच लिहिलेलं आहे. वाचता आलं पाहिजे.

चोखोबा मंगळवेढ्याचे. त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या महार जातीत जन्म. देवळात जायची बंदी. पांडुरंगाला पाहायचं ते दाराबाहेरून. उसाचं कांडं वाकडं असलं तरी त्याचा रस वाकडा नसतो, मग तुम्ही वरच्या रूपाला काय भुलता, अशा अर्थाचं त्यांनी सांगून ठेवलं आहे. ते बोलणं आपण आज डोलून गातो. पण त्यांच्या हयातीत त्यांना बाहेरच उभं केलं होतं, हे गाताना विसरतो. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि काम करणारी माणसं तिच्याखाली गाडली गेली. त्यांत चोखोबा होते.

नामदेवराय तिथे गेले. परंपरा सांगते, ढिगाऱ्याखाली अनेकांची हाडं एकत्र झाली होती. त्यांतली चोखोबांची कोणती? हाडाला चेहरा नसतो, कपडा नसतो, जात तर नसतेच. नामदेवरायांनी एकेक हाड उचलून कानाशी धरलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल असा आवाज आला, ती हाडं चोखोबांची म्हणून गोळा केली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली.

आता मला सांगा, कानाशी धरून ओळखायचं हे नामदेवराय कुठे शिकले? गोरोबाकाकांच्या अंगणात! ज्या दिवशी त्यांना थापटणं बसलं आणि राग आला, त्याच दिवशी हा धडा त्यांच्यापुढे ठेवला होता. तेव्हा तो बोचला. पुढे तोच धडा असा पचला, की सगळं गाव ज्याला दूर ठेवत होतं, त्याच्या हाडातला आवाज त्यांना ऐकू आला. कच्चं म्हणून बाजूला काढलेलं मडकं असं पक्कं झालं. पुढे हेच नामदेवराय पंजाबात गेले. तिथल्या घुमान गावात त्यांचं स्मारक आहे आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. भाषा वेगळी, वेष वेगळा, पण आवाज ओळखणारे कान तिथेही भेटले.

आणि आपण काय केलं? चोखोबांची समाधी दारात, तिच्यावर फुलं वाहिली, तिच्या पाया पडलो, आणि चोखोबांच्याच जातीची लेकरं आली की त्यांना त्याच दारात अडवलं. एक नाही, दोन नाही, सहाशे वर्षं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार सर्वांसाठी उघडलं. अडवणारे काही नास्तिक नव्हते. त्यांच्याही कपाळी टिळे होते. म्हणून सांगतो, बाहेरच्या रूपाचा अभिमान हा फक्त कपड्यालत्त्याचा, गोऱ्या रंगाचा किंवा सोन्यानाण्याचा विषय समजू नका. जन्माचा अभिमान हाही वरचा रंगच आहे, आणि तो सगळ्यांत चिवट रंग आहे. आजही दिंडीत जेवणाच्या पंगतीला बसताना शेजारच्याचं आडनाव विचारावंसं वाटलं, तर ओळखावं की आपलं मडकं अजून आव्यात गेलेलं नाही.

उपाय काय? उपाय परंपरेने केव्हाच करून ठेवला आहे. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, पैसा पाहत नाहीत. सत्तर वर्षांचे आजोबा सतरा वर्षांच्या टाळकऱ्याच्या पायाला हात लावतात. हा नुसता शिष्टाचार नव्हे, मायबाप, ही रोजची थाप आहे. फक्त ती सवयीची होऊ देऊ नका. वाकताना मनातला ‘मी’ वाकला का, हे पाहा.

दुसरं, थाप शोधायला डोंगरावर जावं लागत नाही. दर्शनबारीत दहा तास उभं राहून कुणी कोपर मारून पुढे घुसला, ती थाप. भजनात आपला टाळ चुकला आणि कालच्या पोराने तो सगळ्यांसमोर दाखवून दिला, ती थाप. आपण केलेल्या अन्नदानाच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव आलं, ती थाप. सूनबाई, सासूबाई, तुमच्या घरात तर दिवसाला दहा थापा! त्या क्षणी आतून काय आवाज आला, तेवढं ऐका. भद्द आला तर निराश होऊ नका. नामदेवरायांचाही आला होता. त्यांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच, की ते काकांवर रुसले तरी निकाल खोटा ठरवत बसले नाहीत. देवाने सांगितल्यावर औंढ्याची वाट धरली. आपण मात्र थापटणंच वाईट म्हणतो, आणि मारणाऱ्याची पूर्ण कुंडली मांडतो.

आता पंढरीला पोचाल. महाद्वारात जाल तेव्हा घाई करू नका. पायरीशी क्षणभर थांबा. पंढरपूरच्या परंपरेप्रमाणे १३५० साली नामदेवरायांनी तिथेच समाधी घेतली. देवाच्या इतक्या लाडक्या भक्ताने गाभाऱ्याजवळची जागा मागितली असती, तर कोण नाही म्हणणार होतं? त्यांनी पायरी मागितली. येणाऱ्याजाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून मागितली. एके काळी डोक्याला लाकूड लागलं म्हणून जे चिडले होते, त्यांनी लाखो पायांखालची जागा स्वतःहून मागून घेतली. आणि समोर पाहा, चोखोबांची समाधी. दोघं समोरासमोर.

तिथे कपाळ टेकाल तेव्हा टिळा पुसला जाईल, पुसला जाऊ द्या. काही मागायचं असेल तर एवढंच मागा, की देवा, थाप पडेल तेव्हा आतून तुझंच नाव वाजू दे. आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला, तो कोण आहे हे न पाहता, पुढे यायला जागा द्या.

जय हरि विठ्ठल.